बुडालेली नौका पुढच्या डावाला हजर

मे १९४२मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेवर जपानी आरमाराने प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाच्या मोहिमेची पटावर तालीम केली. पंचाने फासे टाकले. अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले, ‘अकागी’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. आरमाराचे सेनापती यामामोतो यांचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी म्हणाले, नऊ कसले, तीनच धरा! अकागी वाचली. कागाला जलसमाधी मिळाली खरी, पण फिजीच्या स्वारीचा डाव मांडला तेव्हा ती पुन्हा ठणठणीत. जूनमध्ये खऱ्या मिडवेला या दोघींसकट चार बुडाल्या. त्या काही कोणाला वर काढता आल्या नाहीत.

‘वॉर इन द पॅसिफिक’ हा याच युद्धावरचा संगणकीय खेळ खेळणाऱ्यांना उगाकींचा हेवा वाटत असणार. इथे एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस, आणि चाल ईमेलने धाडायची. रोज एक चाल झाली तरी पर्ल हार्बरपासून शरणागतीपर्यंत साडेतीनहून अधिक वर्षं उलटून जातात. जपानची बाजू घेणाऱ्याने ॲडमिरल व्हायचं स्वप्न बघावं आणि तेलाचा, टँकरांचा हिशेब लिहीत बसावं. शिवाय जपानचं पारडं हलकं होऊ लागलं की त्याचं ऑफिसातलं काम नेमकं वाढतं. तेव्हा खेळायचंच असेल तर प्रतिस्पर्धी निर्व्यसनी, कायम नोकरीतला आणि चिवट बघून घ्या.