माटोळीची यादी

आमच्या कारापुरात परसात एखादी वस्तू मुद्दाम लपवणे म्हणजे नसती उठाठेव. इथे ठेवलेली वस्तू आपण होऊन लपते. पावसाळ्यात तर विचारूच नका. काल पडलेला नारळ आज अळवाखाली गडप, कोयती तेऱ्याच्या रानात, आणि हिचा चष्मा मिरगापासून कुठे दडी मारून बसला आहे ते देव जाणे. त्यामुळे सुनेने पुण्याहून फोन करून, ‘‘बाबा, चवथीला मुलं येतायत, परसात एक ट्रेझर हंट ठेवा ना, तेवढीच मोबाईलपासून सुटतील,’’ असे फर्मावले तेव्हा मी म्हटले, ‘‘ठेवायचा कशाला? आमच्याकडे तो बारा महिने चालूच असतो.’’

सून कामाला चोख. तिने यादीही पाठवली. पाइनचे बोंड, मेपलचे पान, ओकचे फळ, निळे पीस वगैरे. डिचोली तालुक्यात ओकचे फळ शोधायला नातवंडांना पाठवले असते तर ती लग्नाच्या वयाची होऊन परतली असती. यादीतली एकच जिन्नस आमच्याकडे मुबलक होती. ‘एक दगड’.

तेव्हा मी यादी बाजूला ठेवली. कारण हा खेळ गणपतीने गोव्यात फार पूर्वीच लावून दिलेला आहे. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे चवथीला मूर्तीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळे, शेंगा, पाने बांधतात. ती माटोळी. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा घड, तोरिंग, आंबाडे, काकडी, चिबूड हे घरचे मानकरी. माट्टी, कांगलां, घागऱ्या, कवंडळ ही रानातली मंडळी. हल्ली हे सारे साखळीच्या नाहीतर डिचोलीच्या बाजारात वाट्यावर मिळते. राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, आणि तिथे उतरणारे लोक अशी काही फळे टांगतात की परीक्षकांच्या माना दुखाव्यात. आपल्याला बक्षीस नको होते. गडग्याच्या आत जे सापडेल ते बांधायचे, एवढीच माझी योजना.

योजना म्हटली की घरात समिती बसते. धाकट्या नातीला अजून वाचता येत नाही, म्हणून यादी चित्रांची करायची ठरली. मी रंगपेटी घेऊन बसलो. माझ्या हातचे कुठलेही फळ कागदावर तोरिंगच होते. काकडी काढली, लांबट तोरिंग झाले. आंबाडा काढला, बारके तोरिंग. कवंडळ मात्र साधले, कारण ते पिकल्यावर शेंदरी होते आणि शेंदरी खडू पेटीत होता. त्याखाली मी ठळक फुली मारून ‘खायचे नाही’ असेही लिहिले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच ती सूचना होती, हे हिने लगेच दाखवून दिले.

मग हिने यादीत स्वतःची भर घातली. ‘‘मुलं फिरणारच आहेत तर’’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य कामाशिवाय संपत नाही, हा माझा संसारातला अनुभव. मुलं फिरणारच आहेत तर पडलेल्या झावळ्या एका बाजूला ओढून ठेवतील. मुलं फिरणारच आहेत तर न्हाणीमागची सोडणे आत आणतील. संध्याकाळपर्यंत फळे कमी आणि गड्याची कामे जास्त अशी ती यादी झाली. सर्वांत शेवटी लिहिले होते, ‘चष्मा’.

बक्षिसावर आमचे वाजले. मला शोधणाऱ्याला जागच्या जागी नेवरी द्यायची होती. ही म्हणाली, ‘‘नैवेद्याआधी? अहो, शुद्धीवर आहात ना?’’ शेवटी बक्षिसे उधारीवर ठरली. प्रत्येक जिनसेमागे खडूची एक रेघ, वसुली चवथीच्या दुपारी.

नियम थोडेच. गवतात शिरण्याआधी काठी आपटायची, विहिरीकडे जायचे नाही, आणि खोदायचे नाही. शेवटचा नियम थोरल्या नातवाला मान्य नव्हता. ट्रेझर म्हणजे जमिनीखालीच असते, असे त्याचे ठाम मत. मी म्हटले, ‘‘बाळा, हा डिचोली तालुका आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणींच्या लीजचे नूतनीकरण रद्द केले. तू कुठल्या लीजवर खोदणार?’’ त्याने थोडा विचार करून फावडे जाग्यावर ठेवले. मुलगा पुढे वकील होणार.

खेळ सुरू झाला आणि पावसाची सर आली. कोणी थांबले नाही. गडग्याच्या कोपऱ्यातल्या माट्टीखाली थोरल्याला पाच पंखांचे फळ सापडले. हा गोव्याचा राज्यवृक्ष, असे मी सांगायला लागलो, तोवर त्याने ते हवेत भिरकावून पाहिले, खाली पडले तसे पुन्हा भिरकावले, आणि राज्यवृक्ष तिथेच राहिला. धाकटीने गोगलगाय आणली. यादीत नाही म्हटल्यावर तिने माझ्या कागदावरच्या एका तोरिंगाकडे बोट दाखवले. मी निमूट रेघ मारली. चष्मा अळवात नव्हता, तेऱ्यात नव्हता, सोडणांतही नव्हता. तो रगड्यामागे निघाला आणि हिने त्याबद्दल थोरल्याला सरसकट पाच रेघा दिल्या. भ्रष्टाचार असा घरापासून सुरू होतो.

तिन्हीसांजेला मुलगा साखळीच्या बाजारातून आला. पिशवीत कवंडळ. आमच्या गडग्यावर वेलभर लटकत असताना याने रोख मोजून आणले होते.

रात्री केवणीच्या सालीचे दोर भिजवून आम्ही माटोळी बांधली. मधोमध चांगला डोक्याएवढा निरफणस लागला. तो चिखलाने माखलेल्या दोघांनी मिळून आणला होता, आणि त्या गडबडीत कुठून आणला हे विचारायचे राहून गेले.

चवथीच्या संध्याकाळी शेजारचे काका दर्शनाला आले. नमस्कार केला, माटोळीकडे मान वर केली आणि बराच वेळ ती खाली आलीच नाही. आमच्या परसात निरफणसाचे झाड नाही, हे मला नेमके तेव्हा आठवले. हिलाही आठवले असावे, कारण तिने काकांच्या बशीत नेहमीपेक्षा दोन नेवऱ्या जास्त घातल्या. त्यांनी त्या सावकाश संपवल्या, पाणी प्याले आणि उठता उठता म्हणाले, ‘‘निरफणस राहू दे, देवाच्या डोक्यावर शोभतो. मांगरातली आमची शिडी तेवढी पोरांना परत ठेवायला सांगा.’’