गेट आहे, भिंतीचं बघू

ग्वाल्हेरात सिरोलच्या पुढे ज्या नव्या कॉलन्या उगवल्या आहेत, त्यांतल्या एकीला परवा गेट बसलं. काळं, लोखंडी, वर सोनेरी भाले, दोन्ही खांबांवर प्लास्टरचे सिंह. गेटाला लागून भिंत नाही. डावीकडे मोहरीचं शेत, उजवीकडे विटांचा ढीग, मधे गेट. रात्री अकराला त्याला कुलूप लागतं.

गायी मोहरीकडून येतात, दूधवाला विटांकडून. मोटारवाले मात्र हॉर्न वाजवत गेटापुढे उभे राहतात. कर्ज काढून घर घेतलेला माणूस मोहरीतून कसा शिरणार?

मेंटेनन्सच्या पावतीवर गेटाचा वेगळा रकाना आहे. गेट उघडायला गार्ड, गार्डाला केबिन. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून केबिनला आतापासूनच कूलर. कूलरला पाणी लागणार, ते टँकरचं. एका सिंहाची शेपूट गळून पडली, तिची वर्गणी निराळी. भाजीवाल्याला गार्ड आत सोडत नाही, म्हणून तो चिखल तुडवत शेतातून येतो आणि तो चिखल कोथिंबिरीच्या भावात वसूल करतो. धुणंभांड्याच्या बाईंनी पगार वाढवून मागितला, कारण ‘गेटवाली कॉलनी का रेट अलग है’. इस्त्रीवाल्याला हे तिच्याकडून कळलं, केबलवाल्याला इस्त्रीवाल्याकडून. घरमालकांना कुणी सांगावं लागलं नाही. सिंह खांबावर चढले त्याच आठवड्यात भाडी चढली. भिंत कधी, असं एका भाबड्या रहिवाशाने सभेत विचारलं. अध्यक्ष म्हणाले, “भाईसाहब, दीवार से खर्चा बढ़ता है, गेट से रेट बढ़ता है.” टाळ्या पडल्या.

आता दरवाजा कशाला म्हणतात हे ग्वाल्हेरच्या माणसाला कुणी शिकवू नये. किल्ल्यावर आलमगिरी दरवाजापासून हाथी पोलपर्यंत चढताना धाप लागते, पण वाटेतल्या एकाही दरवाजाला वळसा घालून जाता येत नाही. तोमरांच्या काळातल्या गवंड्याला जे कळत होतं, ते आमच्या बिल्डरला कळत नाही असं थोडंच आहे? त्याला गिऱ्हाईकही कळतं.

आमचीच माणसं ही. दौलतगंजातल्या वाड्याचा जिना अरुंद, गाडी लावायला जागा नाही, म्हणून वाटण्या करून निघाली. तिथून बाड्यावर बेढई खायला चपला सरकवून जात होती. आता टेंपोचं भाडं बेढईच्या वर जातं, आणि टेंपोही हमरस्त्यालाच उतरवतो. तिघऱ्याचं धरण शंभरी उलटून गेलं, त्याचा नळ इथवर आलेला नाही. गेट पंधरवड्यात आलं. माहितीपत्रकात नळ होता, बाग होती, दिवे होते, आणि प्लॉटच्या भावात या सगळ्याचे पैसे धरलेले होते. तेच पैसे आता दर महिन्याला पुन्हा द्यायचे, वर नळ मागितला की ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे ऐकायचं. ही उघड लूट आहे. चोर शेतातून येईल म्हणून कुलूप लावून बसलेत, आणि पावतीपुस्तकवाला रोज गार्डाचा सलाम घेत आत येतो!

रविवारी पुन्हा सभा आहे. एकाच गेटामुळे रहिवाशांची गैरसोय होते, म्हणून मागच्या बाजूला दुसरं बसवायचा ठराव येतोय. मागे नाला आहे. सिंहांऐवजी या वेळी हत्ती असावेत, एवढ्यावरच मतभेद आहेत.