दोन मीटरचं अंतर

बुऱ्हाणपुरात पाण्याची जोडणी 1615 साली झाली. खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारानं, कुंडीमागून कुंडी करत, निव्वळ उतारावर शहरात आणलं. कुंड्या शंभरावर. पंप नाही, वीज नाही, रिमोट तर नाहीच. त्याच शहरात, राजघाटापासून हाकेच्या अंतरावर, परवाच्या रविवारी मला कॉम्प्युटरमधला आवाज टीव्हीपर्यंत दोन मीटर नेता आला नाही.

निमित्त भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओचं. आई, सौ., शेजारच्या मामी, सगळ्या सतरंजीवर. मी बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, “वीजीए दूँ या एचडीएमआई?” मी पेचवाली घेतली. ज्या वस्तूला पेच असतात ती टिकाऊ, हा आमच्या घराण्याचा सिद्धांत.

ही व्हीजीए 1987 सालची जात. चित्र नेते, आवाज नेत नाही. टीव्हीवर भटजी तोंड हलवताहेत, वरात नाचतेय, बँडवाला गाल फुगवतोय आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. आई म्हणाली, “मूकपट लावलास का रे?”

गंमत अशी, की कॉम्प्युटर आणि टीव्ही या दोघांचं लग्न एकेकाळी जन्मजात होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातली डेसिबेल्स नावाची कंपनी ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर बनवायची. मेमरी 48 केबी. पडदा नाहीच, टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, चॅनल जुळवत बसायचं, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचा. टीव्ही नसेल तर कॉम्प्युटर आंधळा. पुढं दोघांनी वेगळं बिऱ्हाड केलं, आणि आता त्यांना एका खोलीत बसवायचं तर मध्यस्थ लागतो.

आमचा मध्यस्थ पुण्याचा भाचा, फोनवर. “मामा, एचडीएमआय आणा, चित्र-आवाज एकाच वायरीत.” आणली. टीव्ही म्हणाला, नो सिग्नल. “सोर्स बदला.” बदलला. “आता विंडोज आणि पी दाबा.” दाबलं. टीव्हीवर राजघाट उमटला: तापी, पात्रातला दगडी हत्ती, मागं शाही किल्ल्याची भिंत. सगळे गप्प बसून बघू लागले.

तो माझ्या कॉम्प्युटरचा वॉलपेपर होता. मी ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ निवडलं होतं. लग्न छोट्या पडद्यावर एकटंच चाललं होतं. चार पावलं चालून जी तापी फुकट दिसते, ती आम्ही 43 इंचांत दहा मिनिटं पाहिली. मामींनी तर हात जोडले.

मग ‘डुप्लिकेट’ केलं, तर कडा कापल्या. नवरदेवाचा फेटा गेला, तुरा गेला. रिमोटवर ‘स्क्रीन फिट’ शोधेपर्यंत वरमाला होऊन गेली. आवाज मात्र अजून कॉम्प्युटरमध्येच. स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून तिथं टीव्हीचं नाव निवडावं लागतं, हे भाच्याला शेवटी आठवलं. आवाज आला तेव्हा पंगती उठत होत्या आणि सतरंजीवर फक्त आई होती, झोपलेली.

पेचवाली केबल दुकानदार परत घेत नाही. दोन मीटर, एकदाच वापरलेली. कुणाला हवी असेल तर संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर या. वर मावा जिलेबी मी देईन.