सगळ्यात बुटकी मेणबत्ती

वसईच्या आमच्या कॅथलिक शाळेत नोव्हेंबर सरता सरता ऑफिसबाहेरच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं एक कडं येऊन बसायचं. त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. बाईंनी पहिल्यांदा त्याला 'पुष्पचक्र' म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरून काळजीचा आवाज आला, "बाई, कोण गेलं?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "गेलं नाही रे, यायचंय." नाताळआधीचा आगमनकाळ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जेवढं कळलं, त्यात पुढे फारशी भर पडली नाही.

दर सोमवारी प्रार्थनेला सिस्टर एकेक मेणबत्ती वाढवत. पहिली आशेची, मग शांतीची, तिसरी गुलाबी ती आनंदाची, शेवटची प्रेमाची. पण दुसरी पेटवायची म्हणजे पहिलीही पुन्हा पेटवायची, तिसऱ्या वेळी तिघी. त्यामुळे नाताळ जवळ येईतो त्या चौघी प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारख्या उंचीने उभ्या राहिलेल्या दिसत, आणि सगळ्यात पुढे, सगळ्यात बुटकी, अंगभर मेणाचे ओघळ घेऊन, आशा. मीही रांगेत पहिलाच असे. आमची दोघांची नजरानजर व्हायची. सगळ्यात आधी पेटलेल्यानंच सगळ्यात जास्त झिजायचं, हा हिशेब मला तेव्हा सरळसरळ अन्यायाचा वाटे; अजूनही पुरता पटलेला नाही.

या कड्याचा जन्म, म्हणे, चाकातून झाला. 1839 साली हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखेर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांना सांभाळत, शिकवत. मुलं रोज विचारायची, आला का नाताळ? शेवटी त्यांनी गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या, इतर वारांच्या लहान. आता मोजा म्हणावं तुमचं तुम्ही! विखेर्न प्रोटेस्टंट, पण वाट पाहणाऱ्या पोरांचा पंथ कोण विचारतो? आमच्या घरी नवरात्रात घट बसे, तेव्हा मी दिवसातून दहादा धान्य उगवलं का पाहायचो आणि आजीचा धपाटा खायचो. डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळच्या गोठ्यासाठी वाटीत नाचणी पेरत. तिथला मुलगाही तसंच बोट खुपसून बघायचा, आणि त्याची मायही तशीच ओरडायची. कोंब मात्र दोन्हीकडे आमच्या पाठीमागे, रात्रीतूनच यायचे.

चौथ्या मेणबत्तीचं नशीब शाळेत बेताचंच. ती पेटते न पेटते तोच नाताळची सुट्टी लागायची. एखाद्या वर्षी आगमनकाळाचा चौथा रविवारच 24 डिसेंबरला येतो, 2023 साली आला होता तसा. मग शाळेतलं प्रेम कोरं करकरीत राहून जातं. सुट्टीनंतर शाळा उघडली की कडं गेलेलं असायचं. ती लांब, न झिजलेली मेणबत्ती पुढच्या वर्षासाठी कागदात गुंडाळून कपाटात जाई. आशेचं थोटूक शिपाईमामा उचलत. ऑफिसातला फीच्या पावत्यांचा ड्रॉवर दमट हवेनं फुगून अडायचा; त्याच्या कडांना ते तेच थोटूक घासायचे. जूनमध्ये पहिल्या पावसातही तो ड्रॉवर एका बोटानं उघडत असे.