घरबसल्या ऑफिस : दोष आणि निवारण

रिमोट डेस्कटॉप ही ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पडदा घरच्या कॉम्प्युटरवर आणण्याची सोय आहे. काम तिकडचेच यंत्र करते. इकडे फक्त चित्र येते आणि इकडून माऊसच्या टिचक्या व कीबोर्डची अक्षरे तिकडे जातात. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ती साध्या टेबलावर आली. बीडच्या मोंढ्यातली आडत दुकाने, जिनिंगची ऑफिसे आणि करसल्लागारांच्या खोल्या यांना तिची निकड मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जाणवली. तोवर मोंढ्यात ऑफिसला जाण्याची पद्धत ऑफिसला जाणे हीच होती.

या जोडणीच्या एका टोकाला घर असते आणि दुसऱ्या टोकाला सर्व्हर. मोंढ्यात सर्व्हर म्हणजे बहुधा टेबलाखाली सरकवलेला एक कॅबिनेट. त्याच्या पोटात हिशेबाची टॅली असते, पाठीवर धूळ असते आणि पॉवरच्या बटणावर दसऱ्याला लावलेले कुंकू असते. हे कुंकू पुढे दोषनिवारणात उपयोगी पडते. सर्व्हर एरवी विनातक्रार चालतो. बंद पडण्यासाठी त्याने महिन्याची २० तारीख राखून ठेवलेली असते, कारण जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत त्या रात्री संपते. तिमाही विवरण भरणाऱ्यांना महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत सवलत आहे. सर्व्हरला दोन्ही तारखा पाठ असतात.

दोष शोधण्याचा शास्त्रोक्त क्रम जवळून दूर असा आहे. आधी घरचे इंटरनेट, मग ऑफिसचा पत्ता, राऊटर, सर्व्हर, पासवर्ड आणि शेवटी वीज. प्रचलित क्रमात मात्र एकच पायरी आहे. तिला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात. रेशन दुकानात ई-पॉस मशीन अंगठा ओळखत नाही, सर्व्हर डाऊन. तलाठ्याच्या लॅपटॉपवर फेरफार उघडत नाही, सर्व्हर डाऊन. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीपाशी अडते, सर्व्हर डाऊन. या निदानाचा मोठा गुण असा की त्यानंतर कुणाला काही करावे लागत नाही. मोंढ्यातला मुनीमही तेच निदान करतो, पण त्याची अडचण वेगळी असते. त्याचा सर्व्हर मंत्रालयात नसून मालकाच्या गादीखालच्या मजल्यावर असतो आणि मालकाचा फोन येतच राहतो.

जोडणी होत नाही तेव्हा पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तीन कारणे देते. दूरस्थ प्रवेशाची परवानगी दिलेली नाही, किंवा पलीकडचा कॉम्प्युटर बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. अर्थात, काहीही झालेले असू शकते. इतके सर्वसमावेशक उत्तर चौकशी समितीलाही सहा महिन्यांची मुदतवाढ घेतल्याशिवाय देता येत नाही. खिडकी ते अर्ध्या मिनिटात देते. त्याआधी ती ‘जोडणी सुरू आहे’ असे म्हणत थांबून राहते. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली आणि अहिल्यानगर–बीड ही पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली, हे पाहिलेल्या जिल्ह्याला या अर्ध्या मिनिटाचे काही वाटत नाही.

पहिली तपासणी घरच्या इंटरनेटची. एखादे संकेतस्थळ उघडले तर इंटरनेट आहे, न उघडले तर नाही. नसण्याचे सामान्य कारण जेसीबी हे आहे. रस्त्याचे काम, नालीचे काम किंवा दोन्ही कामे झाल्यावर आठवलेले पाइपलाइनचे काम यांत फायबर तुटते. नेटवाला ‘दोन तासांत जोडतो’ असे सांगतो. कोणते दोन तास, हे त्याच्यावर सोडावे आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावा. हॉटस्पॉटवर ऑफिस जोडले गेले तर दोष घरच्या तारेत आहे, हे सिद्ध होते. इंटरनेट सरकारी आदेशानेच बंद असेल तर मात्र कोणतीही तपासणी करू नये. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, बीडमध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद ठेवण्यात आले. तेव्हा केबल शाबूत होती, राऊटरचे सगळे दिवे हिरवे होते आणि जोडणी शून्य होती. असा दोष राऊटर बंद-चालू करून जात नाही, तरी बहुतेक घरांत राऊटर बंद-चालू करून पाहिला जातोच.

दुसरी तपासणी पत्त्याची. ऑफिसात बसून पाहिलेला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मुनीम कागदावर उतरवून घरी नेतो आणि घरून तोच टाकतो. हा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे’ या पत्त्यासारखा असतो. प्रत्येक गावात तो असतो आणि त्या त्या गावातच तो सापडतो. घरून टाकल्यावर कॉम्प्युटर त्याला घरातच शोधतो. बाहेरून यायचे तर राऊटरचा जाहीर पत्ता लागतो, आणि तो साध्या जोडणीत बदलत राहतो. न बदलणारा पत्ता जादा पैसे भरून मिळतो. तो घेण्याचा विषय मालकापुढे मांडला की मालक विचारतो, ‘आत्तापर्यंत पत्त्यावाचून काही अडलं होतं का?’

पत्त्यातच आणखी एक अडचण दडलेली असते. जाहीर पत्ते कमी आणि ग्राहक जास्त, म्हणून अनेक कंपन्या एका जाहीर पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. राऊटरच्या पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा तो आणि बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता जुळत नसतील, तर आपण सामाईक दारामागे आहोत असे समजावे. अशा राऊटरमध्ये बाहेरून येणाऱ्यासाठी वाट उघडून ठेवण्यात अर्थ नसतो, कारण मुख्य दार कंपनीच्या हातात असते. ‘पिंग’ करून उत्तर आले नाही यावरूनही सर्व्हर मेला असे ठरवू नये. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तरच देत नाही, आणि उत्तर न देणारा जागा असू शकतो, हे उधारी वसूल करणाऱ्या मोंढ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरी बाब पोर्टची. रिमोट डेस्कटॉप ३३८९ या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. दोष सापडेनासा झाला की ओळखीतला एक कॉम्प्युटरवाला बोलावला जातो. तो फायरवॉल बंद करतो, राऊटरवर ३३८९ सगळ्या जगाला उघडा करतो, चहा घेतो आणि जातो. जोडणी लगेच होते. हा दोषनिवारणाचा सर्वांत यशस्वी प्रकार आहे, कारण त्यानंतर मालक, मुनीम आणि मालकाचा पुण्यातला मुलगा यांच्याबरोबरच जगातल्या कुणालाही जोडणी मिळू शकते. उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे नाव घेऊन एकामागून एक पासवर्ड लावून पाहतात, आणि ‘बीड@१२३’ त्यांच्या यादीत फार खाली नसतो. फसलेला प्रत्येक प्रयत्न विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत ४६२५ या क्रमांकाने लिहिला जातो. मोंढ्यात कच्ची आणि पक्की अशा दोन्ही वह्या रोज पाहिल्या जातात. ही तिसरी वही कुणी उघडत नाही.

मग एके सकाळी टॅलीच्या फायलींना अनोळखी आडनावे लागलेली दिसतात आणि पडद्यावर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी असते. बॅकअप घेतलेला पेनड्राइव्ह त्याच कॅबिनेटला लावून ठेवलेला असतो, त्यामुळे तोही कुलूपबंद होतो. कायम जोडलेल्या पेनड्राइव्हला बॅकअप म्हणता येत नाही. अशा घटना सहा तासांच्या आत कळवाव्यात, असा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. यातले पहिले पाच तास कॉम्प्युटरवाल्याचा फोन लागण्यात जातात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट उघड झाली तेव्हा पासवर्डचीही गरज उरली नव्हती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ती बसवायला अपडेट चालू लागतात, आणि ‘अपडेटनं कॉम्प्युटर स्लो होतो’ म्हणून ते त्याच कॉम्प्युटरवाल्याने बंद केलेले असतात. योग्य मार्ग साधा आहे. आधी व्हीपीएन हा बंदिस्त बोगदा, त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप, आणि बाहेर ३३८९ बंद. हा मार्ग लांब पडतो म्हणून लोकप्रिय नाही.

चौथी तपासणी खुद्द विंडोजची. तिची होम आवृत्ती दुसऱ्याकडे जाऊ शकते, पण कुणाला आपल्याकडे येऊ देत नाही. आत घेण्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. दुकानदाराने सवलतीत घेतलेल्या कॉम्प्युटरवर होम असते, हे रात्री अकरा वाजता कळते. साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकतो. मुनीम घरून आत आला की गादीवर बसलेल्या मालकाचा पडदा कुलूपबंद होतो. मालक पासवर्ड टाकून परत येतो आणि मुनीम बाहेर फेकला जातो. दोघेही ‘नेट तुटतंय’ अशी तक्रार करतात. खऱ्या सर्व्हर विंडोजवर देखभालीसाठी दोघांना एकत्र बसता येते. त्याहून अधिकांसाठी वेगळे परवाने लागतात, आणि परवान्यावाचून १२० दिवस चालवून घेतले जाते. १२० वा दिवस कोणता, हे कुणी लिहून ठेवलेले नसते. तो २० तारखेच्या आसपास येतो.

पाचवी तपासणी ओळखीची. पासवर्डची मुदत संपलेली असेल, तर आत गेल्याशिवाय नवा करता येत नाही आणि नवा केल्याशिवाय आत जाता येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी उत्पन्नाचा, असे हेलपाटे घातलेल्यांना ही रचना नवी नाही. तारखेचेही तसेच. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की सर्व्हर दरवेळी जुन्या सालात जागा होतो, आणि दोन्ही कॉम्प्युटरांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून जोडणी नाकारली जाते. डोमेन असलेल्या ऑफिसात तर घड्याळे पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे झालेली चालत नाहीत. जिथे अकराची बैठक साडेबाराला सुरू होते, तिथे ही अट जाचक वाटणे स्वाभाविक आहे.

शेवटची तपासणी विजेची, आणि बहुतेक दोष अखेर इथेच सापडतात. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात आहे. २०१५ च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. जिथे वीज करणारेच पाण्यासाठी अडतात, तिथे वीज वापरणाऱ्याने गर्व करू नये. लाईट गेली की यूपीएस काही मिनिटे शिट्टी मारतो आणि मग सर्व्हर बंद पडतो. लाईट परत येते, पण सर्व्हर येत नाही. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असते. ती दोन मिनिटांत लावता येते आणि ती लावायला सर्व्हर बंद करावा लागतो, म्हणून ती कधीच लावली जात नाही. झोपलेला कॉम्प्युटर नेटवर्कवरून उठवण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी त्याच ऑफिसातले दुसरे एखादे यंत्र जागे असावे लागते.

इथे तंत्रज्ञान संपते आणि किल्लीचा प्रश्न सुरू होतो. एक किल्ली मालकाकडे असते आणि मालक लग्नाला केजला गेलेला असतो. दुसरी शेजारच्या चहावाल्याकडे असते. दूरस्थ जोडणीचा पुढचा टप्पा फोनवर पार पडतो.

“मामा, शटर उघडलं का?”

“उघडलं.”

“टेबलाखाली डबा आहे बघा. दिवा लागलाय का त्याला?”

“लागलाय की. हिरवा.”

“मग चालू आहे. बारीक आवाज येतोय का?”

“आवाज न्हाई. ह्यो इन्व्हर्टर हाय व्हय?”

“मामा, कुंकू लावलेलं बटण दिसतंय का? ते दाबा. एकदाच दाबा, धरून ठेवू नका.”

“दाबलं. आता पंखा घुमाया लागला. चहाचं मागचं बी ऱ्हायलंय बरं का.”

दोन मिनिटांत मुनीमाच्या पडद्यावर टॅली उघडते आणि विवरणपत्र बारा वाजायच्या आत जाते. दुसऱ्या दिवशी मालक पाहुण्यांना सांगतो, की आपलं सगळं काम आता ऑनलाइन आहे.

अशा रीतीने घरून ऑफिस चालवण्यासाठी न बदलणारा पत्ता, व्हीपीएन, प्रो आवृत्ती, चालू अपडेट, नवा सेल, धडधाकट यूपीएस, वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप आणि बायोसमधली ती एक खूण एवढी सामग्री लागते. यातले काहीही नसले तरी निभावते, फक्त ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर एक माणूस किल्ली घेऊन बसलेला असावा लागतो. त्याला अपडेट लागत नाहीत, त्याला परवान्याची मुदत नाही आणि तो २० तारखेला बंद पडत नाही. त्याची देखभाल म्हणजे चहाचे बिल महिन्याच्या महिन्याला चुकते करणे एवढीच आहे, आणि तीही थकलेली असते.