अर्जाची प्रकृती

मामा : काय डॉक्टरसाहेब, आज अर्जाची प्रकृती कशी आहे? काल रात्री तीनपर्यंत तुमच्या खोलीत दिवा जळत होता, तेव्हा ताप बराच चढला असावा.

भाचा : थट्टा नको, मामा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी अमेरिकेहून रेसिडेन्सीच्या, म्हणजे तेथील रुग्णालयांतल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, अर्जाला नकार आला, पुढे गुरुवारपर्यंत उरल्यासुरल्या जागांसाठी जी धावपळ चालते तिच्यातही कोणी माझे नाव पुकारले नाही. आता सप्टेंबरच्या आत अर्ज बळकट केल्यावाचून गत्यंतर नाही.

मामा : पण तो मुळात अशक्त झाला कशाने? गुण कमी पडले?

भाचा : तेथल्या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीला हल्ली गुणच नाहीत. २०२२ च्या जानेवारीपासून नुसते उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. पूर्वी परदेशी उमेदवार त्या गुणांच्या बळावर डोके वर काढी, ती वाट बुजली. दुसऱ्या पायरीला गुण आहेत, परंतु एकदा उत्तीर्ण झाल्यावर ते वाढविण्यासाठी परीक्षेस पुन्हा बसता येत नाही.

मामा : नापास होणाऱ्यास पुन्हा संधी आणि पास होणाऱ्यास जन्मठेप! बरे, इलाज काय योजला आहे?

भाचा : तिसरी पायरी आधीच देऊन टाकायची, शोधनिबंधांत नाव घालायचे, नवी शिफारसपत्रे मिळवायची, आणि महिना-दोन महिने ऑब्झर्व्हरशिप करायची, म्हणजे तेथील डॉक्टर रुग्ण कसा तपासतो ते त्याच्या मागे उभे राहून पाहायचे. रुग्णास हात लावायचा नाही.

मामा : वेतन काय देतात?

भाचा : वेतन कसले! पुष्कळ ठिकाणी फी आपणच भरायची.

मामा : तहसील कचेरीत ज्याची सारी हयात गेली, आणि दुसऱ्याचे काम हाताची घडी घालून पाहत उभे राहणारे इसम ज्याने प्रत्येक शाखेत पाहिले, त्या माझ्यासारख्या माणसासही हा उद्योग स्वखर्चाने करण्याची तजवीज कोठे असेल असे वाटले नव्हते. आणि शिफारसपत्रात काय लिहिले आहे ते तरी दाखवितात का?

भाचा : नाही. ते पाहण्याचा हक्क आपण आधीच लेखी सोडून द्यायचा, तेव्हा कोठे त्याला वजन येते.

मामा : म्हणजे आमचा गोपनीय अहवालच की! परंतु आमच्याकडे निदान शिपायाकडून मजकूर कळे. आणि शोधनिबंध कोणता?

भाचा : सिकलसेलच्या रुग्णांवर आहे. अमेरिकन रुग्णालयांच्या तयार आकडेवारीवरून केला. सहा लेखक आहेत, मी चौथा.

मामा : चौथा म्हणजे भोगवटादारात, की इतर हक्कांत? अरे, ह्या सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आणि भिल्ल वस्तीच्या पाड्यापाड्यांतून जे दुखणे माणसे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवीत आली, ज्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारला २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मोहीम काढावी लागली, ते दुखणे यावलच्या डॉक्टराने पाहायचे ते अमेरिकेच्या आकड्यांत?

भाचा : पाड्यावर एखादा विरळा रुग्ण तुमच्या माहितीत असेल तर सांगा, केस-रिपोर्ट होऊन जाईल.

मामा : विरळा नाही, तेच तर तेथले दुखणे आहे!

भाचा : मग छापणार कोण? तशी सेवेलाही अर्जात जागा आहे. आयुष्यातले दहा अनुभव लिहायचे आणि त्यांतले तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडायचे. दोन सापडले. तिसरा ग्रामीण, वंचित लोकांतला असेल तर अर्जास फार मानवेल.

मामा : आणि तू बसला आहेस ते हे यावल काय पॅरिसच्या हद्दीत मोडते?

भाचा : फीचेही पाहायला हवे, मामा. पहिल्या तीस अर्जांनंतर दर अर्जास तीस डॉलर पडतात.

मामा : केळीच्या नवतीचा पैसा गेल्या साली तुझ्या अर्जांत गेला, आता पिलबागेचा जाईल. कमीत कमी हे तरी सांग, की कोणाला कोठे बसवायचे हे तेथे ठरविते कोण?

भाचा : यंत्र. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, रुग्णालये आपली देतात. ह्याचे गणित गेल आणि शॅप्ले यांनी १९६२ साली विवाहाचा दाखला घेऊन मांडले. शॅप्ले आणि रॉथ यांना २०१२ साली त्याबद्दल नोबेल मिळाले. ह्या रॉथनेच १९८६ साली आणखी एक गोष्ट सिद्ध केली. याद्या त्याच राहिल्या, तर एका स्थिर वाटपात, म्हणजे मिळालेली जागा सोडून कोणी डॉक्टर आणि रुग्णालय परस्पर जुळू पाहत नाहीत अशा वाटपात, ज्या ग्रामीण रुग्णालयाच्या जागा रिकाम्या राहतात त्या कोणत्याही स्थिर वाटपात भरत नाहीत. आणि जे डॉक्टर वगळले जातात तेही दर वेळी तेच.

मामा : शाबास! म्हणजे रिकामा दवाखानाही तोच आणि रिकामा डॉक्टरही तोच, आणि दोघांची गाठ पडत नाही ती केवळ एकमेकांच्या यादीत नसल्यामुळे. मग यादी बदल!

भाचा : मीच का बदलू? इकडे २०२३ साली पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली, तरी हवी ती शाखा मिळत नाही, आणि जी मिळते तिची खाजगी फी तुमचे सगळे केळीचे शेत विकून भागायची नाही. शिवाय गुडघा बदलण्याची वेळ आली तेव्हा तुमच्या यादीत यावल कितव्या क्रमांकावर होते? तुम्ही तडक मुंबई गाठलीत. मला पाड्यावर बसवू पाहणाऱ्या माणसाने स्वतःचा गुडघा निदान जळगावच्या पुढे नेऊ नये!

मामा : तो भाग निराळा.

भाचा : अर्जात तो भाग निराळा असे लिहून चालत नाही. खुलासा द्यावा लागतो.

मामा : खुलासा असा, की तुझ्या आईने मला बळेच गाडीत घातले. ते असो. पलीकडच्या आरोग्य केंद्रात कंत्राटी जागेची जाहिरात निघाली आहे.

भाचा : सहा महिन्यांपुरती असेल तर पाहतो. तिसरा अनुभव होईल.

मामा : उपयोग कोणाला, रुग्णाला की अर्जाला?

भाचा : दोघांना झाला तर आपली हरकत आहे काय? फक्त एक चौकशी करा. शिफारसपत्र देईल असा दुसरा कोणी डॉक्टर आहे का तेथे?

मामा : दुसरा असता तर जाहिरात कशाला निघाली असती!