महाद्वारासमोर प्लॅटिनम पॅकेज

वेबसाइट बनवून देणारा माणूस दुकानाची पायरी चढला की आधी पॅकेजं सांगतो : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सिल्व्हरमध्ये पाच पानं, गोल्डमध्ये पंधरा, प्लॅटिनममध्ये किती हे त्यालाही धड ठाऊक नसतं, पण वर एक चॅटबॉट फुकट. या सगळ्या सोन्याचांदीत धंदा कसला, हे विचारायचं राहूनच जातं. तुळजापुरात मात्र ते विचारल्यावाचून गत्यंतर नाही. इथं गिऱ्हाईक दुकानाच्या जाहिरातीला भुलून येत नाही, देवीला येतं. जाहिरातीचा सगळा खर्च आई भवानीनं शेकडो वर्षं अंगावर घेतलेला असताना राजे शहाजी महाद्वारासमोरच्या कुंकूवाल्यानं ‘आमच्याविषयी’ आणि ‘आमचं व्हिजन’ अशी पानं कुणासाठी लिहायची? ओटीचं सामान घेणारा भक्त त्याच्यापासून दहा पावलांवर उभा असतो, आणि तो कुठल्या दुकानात शिरेल हे ‘चप्पल इथं ठेवा, पैसे नाहीत’ या आरोळीवर ठरतं. चपला ज्याच्याकडे, खण-नारळ त्याच्याकडे. या दुकानाला गूगलच्या नकाशावर नाव, फोन आणि एक स्वच्छ फोटो एवढंच पुरे.

म्हणून माझं म्हणणं असं, की वेबसाइटचा प्रकार मालावरून किंवा शेजाऱ्यानं काय केलं यावरून ठरवू नये. गिऱ्हाईक त्या घडीला कुठं आहे ते बघावं. लॉजवाल्याचं गिऱ्हाईक पुण्यात किंवा हैदराबादेत बसून नवरात्रातल्या खोलीची काळजी करत असतं. त्याला मंदिराचा इतिहास नको, खोली शिल्लक आहे का आणि सकाळी गरम पाणी येतं का, एवढंच हवं. तिथं बुकिंगची साइट हवीच, पण ती रोज बघणारा माणूसही हवा. पौर्णिमेला साइटवर आठ खोल्या रिकाम्या आणि काउंटरवर एकही नाही, अशा वेळी आजी-आजोबांसह उतरलेल्या कुटुंबापुढे लॉजवाल्याच्या मदतीला चॅटबॉट येत नाही.

पुजाऱ्यांचं तर विचारूच नका. सभासदांसाठीची साइट म्हणून आज जे विकतात, ते त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आडनाव आणि गाव सांगा, की तुमचे पुजारी कोण ते कळतं. वहीत पणजोबाही निघतात. पासवर्ड विसरण्याची सोय नाही, कारण तो आडनावातच आहे. आता त्या वह्या संगणकावर चढवाव्यात हे खरं, पण जगाला दिसतील अशा नव्हे. यजमानांची वंशावळ ही काही उत्पादनांची यादी नाही.

यावर कोणी म्हणेल, कवड्यांच्या माळेचं काय? न्यू जर्सीतल्या मराठी घराला ती हवी असते आणि दर वर्षी घाट चढून येणं त्याला जमत नाही. बरोबर आहे. माळ नासत नाही, फुटत नाही, वजनाला हलकी. ऑनलाइन दुकानाला याहून सोयीचा माल नाही. पण त्या घराला नुसती माळ नको असते, देवीच्या पायाला लावून आलेली हवी असते, आणि ‘कार्टमध्ये टाका’ या बटणाला ते विचारता येत नाही. ते माणसालाच विचारतात, तेही फोन करून, दोनदा. म्हणून आधी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकावा (2019 पासून ही सोय आहे), ऑर्डरी हाताबाहेर जाऊ लागल्या की मगच पेमेंट, कुरिअर आणि परतीच्या नियमांचा संसार मांडावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : फुकटच्या जागेवर विसंबू नये. गूगलनं छोट्या दुकानांना फुकट बनवू दिलेल्या वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद करून टाकल्या. ज्यांनी त्या पत्त्याची कार्डं छापली, त्यांनी ती रद्दीत घातली. तेव्हा एकपानी का होईना, साइट स्वतःच्या डोमेनवर असावी. वर्षाचा खर्च फार नाही, आणि हौस असेल तर 2014 पासून ‘.भारत’ असं देवनागरीतलं नावही मिळतं. फक्त नोंदणी कुणाच्या नावावर होते ते डोळ्यांत तेल घालून बघावं. बहुतेक वेळा ती पॅकेजवाल्याच्या ईमेलवर झालेली असते; म्हणजे दुकान महाद्वारासमोर, गल्ला आपला, आणि सातबारा त्या पोराच्या नावावर, जे दोन वर्षांनी सिमकार्ड बदलून बेंगळुरूला नोकरीला लागलेलं असतं.